बाबांचे त्रेसष्ट डीएनसीओ

बाबा भोगीच्या दिवशी गेले. वय ९१. वर्तमानपत्रात दिलेल्या छोट्या जाहिरातीत ‘विंग कमांडर (निवृत्त)’ऐवजी ‘विंग कमांडो (निवृत्त)’ छापून आलं. दादा फोनवर त्या जाहिरात विभागातल्या माणसाशी भांडला, आणि मी पहिल्यांदा, दोन दिवसांनी, हसले. बाबांनी ते कात्रण जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं असतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं असतं.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठरली. बोलायचं दादाने. तो टोरांटोहून आलेला, झोप उलटीपालटी झालेली. मला म्हणाला, “तू मुद्दे काढून दे. किती तास उडाले, कुठली विमानं, कुठली युद्धं. तुझं काय, आकड्यांचंच काम.” मी विमा कंपनीच्या हिशेब विभागात ३४ वर्षं काढली आहेत, त्यामुळे घरात कुठलीही बेरीज आली की माझ्याकडे येते. मी हो म्हटलं. मला वाटलं, एका दुपारचं काम आहे. लागले आठ दिवस, आणि खरं सांगायचं तर ते अजून पुरतं झालेलं नाही.

काळी लोखंडी ट्रंक माळ्यावर होती. वर पांढऱ्या रंगात बाबांचं नाव आणि सर्व्हिस नंबर. आत डांबरगोळ्यांचा वास, कसरीने खाल्लेला मेसचा जॅकेट, पदकांच्या फितींची पट्टी, आणि तळाशी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या चार जाड वह्या. लॉगबुकं. लहानपणी त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. पुढे परवानगीची गरज उरली नाही तेव्हा आमचा उत्साहही उरला नव्हता.

लॉगबुक ही रोजनिशी असेल असं मला उगाचच वाटत होतं. निघाली खतावणी. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक, पहिला पायलट, दुसरा पायलट, मग ‘ड्यूटी’ असा एक रुंद रकाना, आणि उजवीकडे तास-मिनिटांचे बारीक बारीक रकाने: दिवस, रात्र, ढगातलं उड्डाण. रात्रीचे तास लाल शाईत. प्रत्येक पानाखाली बेरीज, ती पुढच्या पानावर ओढलेली. महिनाअखेर सारांश, वर्षअखेर सारांश, त्यावर वरिष्ठांची सही. मी चष्मा पुसला आणि मांडी घालून बसले. बाबांशी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषेत बोलायला मिळत होतं.

पहिली वही जोधपूरची. ‘हार्वर्ड’ हे प्रशिक्षणाच्या विमानाचं नाव ओळीने. पायलटच्या रकान्यात प्रशिक्षकाचं आडनाव, बाबांचं नाव दुसऱ्या रकान्यात. मग एका ओळीत पहिल्या रकान्यात एकच शब्द: ‘सेल्फ’. त्याखाली पट्टीने मारलेली रेघ. ३५ मिनिटं. तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि साताऱ्याच्या घरी त्यांच्या आईला अजून वाटत होतं की मुलगा विमानांच्या ‘हापिसात’ लागला आहे. त्या वहीत दुसरी रेघ नाही.

पुढे डाकोटा, मग पॅकेट, मग एएन-१२. म्हणजे बाबा आयुष्यभर मालवाहू विमानांवर होते. हे सांगताना लहानपणी मला थोडी लाज वाटायची. शाळेत सगळ्यांना हंटर आणि नॅट ही लढाऊ विमानं माहीत. १९६५ नंतर तर नॅटची चित्रं वह्यांच्या कव्हरवर असायची. ‘तुझे बाबा काय उडवतात?’ याला ‘पॅकेट’ हे काही उत्तर नव्हतं. बाबा म्हणायचे, “ते लढतात. आम्ही त्यांच्या जेवणाचं बघतो.”

आता दादाचे मुद्दे. घरात पिढीजात चालत आलेली गोष्ट अशी की बाबांनी १९६२च्या युद्धात लडाखमधल्या चुशूलला रणगाडे नेले. आत्या ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगायची. तिच्या सांगण्यात एकदा तोफांचे आवाजही आले होते. मी १९६२चा ऑक्टोबर काढला. रणगाडे गेले हे खरं: एएमएक्स-१३ जातीचे हलके रणगाडे चंडीगडहून एएन-१२ विमानांनी चुशूलच्या धावपट्टीवर उतरवले होते. पण त्या महिन्यात बाबांच्या वहीत एएन-१२ नाहीच. सगळी पानं पॅकेटची. ‘ड्यूटी’च्या रकान्यात ‘सप्लाय ड्रॉप’, ‘सप्लाय ड्रॉप’, ‘लेह’, ‘सप्लाय ड्रॉप’. रणगाडा कुठेच नाही. तांदूळ, आटा, रॉकेल असणार.

दादाला सांगितलं. तो जरा गप्प झाला. म्हणाला, “पण बाबांनी कधी नाही म्हटलं नाही.” खरं आहे. पण मला आठवतं, आत्याने रणगाडे काढले की बाबा उठून पंख्याचा रेग्युलेटर बघायला जायचे.

पुढे माझं अडायला लागलं. आद्याक्षरं कळेनात. तेव्हा नाशिकच्या काकांना फोन लावला. काका म्हणजे बाबांचे जुने नॅव्हिगेटर. वय ८८, कान गेलेले, बाकी सगळं शाबूत. ते फोन स्पीकरवर ठेवून ओरडून बोलतात, त्यामुळे त्यांच्या सुनेलाही आता लडाखचा भूगोल पाठ झाला असावा.

काकांनी मला ड्रॉप म्हणजे काय ते सांगितलं. दोन्ही बाजूंना विमानापेक्षा उंच डोंगर. मधल्या खोऱ्यात आपल्या जवानांनी कापड पसरून खूण केलेली एवढीशी जागा. विमानाची मागची दारं काढून टाकलेली, तिथे सैन्याचे जवान पोती घेऊन तयार. दिवा हिरवा झाला की ढकलायचं, लाल झाला की थांबायचं. एका फेरीत सगळं पडत नाही. त्याच दरीत पुन्हा वळून पुन्हा यायचं, आठ-आठ, दहा-दहा वेळा. पॅकेटमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा आणि बोटं बधिर. पिस्टन इंजिनं विरळ हवेत दमतात, म्हणून पुढे या विमानांच्या पाठीवर एक छोटं जेट इंजिन बसवलं. “गाढवाच्या पाठीवर माकड बसवावं ना, तसं दिसायचं,” काका म्हणाले, “पण माकडानं फार वेळा जीव वाचवला.”

लेहला सकाळीच जायचं, कारण ऊन चढलं की खोऱ्यात वारा सुटतो. स्पितुकच्या गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, टेकडीजवळून उतरायचं आणि उडताना त्याच बाजूने परत बाहेर पडायचं, कारण समोर डोंगर. आणि अलीकडच्या घाटांत ढग भरले असतील तर एका ठरावीक जागेच्या आधी निर्णय घ्यायचा. त्या जागेनंतर दरी इतकी अरुंद होते की विमान वळवायला पुरत नाही.

“म्हणून तर डीएनसीओ,” काका म्हणाले.

हा शब्द ऐकून मी उडालेच. तो आमच्या घरातला शब्द होता. बाबांना मंडईत पाठवावं, कोथिंबीर महाग म्हणून त्यांनी रिकाम्या हाताने यावं, आणि दारातूनच सांगावं: “डीएनसीओ!” गॅस सिलिंडर आला नाही, डीएनसीओ. माझ्यासाठी बघायला गेलेलं स्थळ पसंत पडलं नाही, तेव्हाही आईच्या कानात डीएनसीओ. आम्हाला वाटायचं हा बाबांचा स्वतःचा विनोदी शब्द. आई म्हणायची, “तुमचा डीएनसीओ म्हणजे आमच्या दूधवाल्याचा खाडा.”

निघाला हवाई दलाचा. ‘ड्यूटी नॉट कॅरीड आउट’. कामगिरी झाली नाही, परत आलो. ड्यूटीच्या रकान्यात मोहिमेचं नाव, आणि पुढे बारीक अक्षरात ही चार आद्याक्षरं. मी पुन्हा पहिल्या वहीपासून सुरुवात केली आणि पेन्सिलीने नोंद घेत गेले. बहुतेकांपुढे कारणही लिहिलेलं: ‘हवामान’. दोनदा ‘डावं इंजिन’. एकदा ‘ड्रॉपिंग झोन दिसला नाही’, तासभर शोधून. चार वह्यांत मिळून त्रेसष्ट.

दादाला आकडा सांगितला. म्हणाला, “हे नको सांगायला. लोकांना वाटेल त्रेसष्ट वेळा पळून आले.” त्याचं म्हणणं मला कळत होतं. तोवर त्याची यादी बरीच आखडली होती. त्याने वर्तमानपत्राला ‘दहा हजार तास’ सांगितलं होतं. वहीत ६,२८४ निघाले. ‘निष्णात वैमानिक’ असं त्याला म्हणायचं होतं. वर्षअखेरीच्या शेऱ्यांत बहुतेक वर्षी ‘हाय अ‍ॅव्हरेज’ होतं, म्हणजे सरासरीपेक्षा थोडे वर. दोनदा ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’. मी म्हटलं, माझ्या ३४ वर्षांत कुणी मला दोनदाही दिलं नाही.

एका गोष्टीबाबत मात्र बाबा फुशारकी मारायचे, आणि ती दुसऱ्याची होती. दौलत बेग ओल्डी. काराकोरम खिंडीच्या पायथ्याशी, १६,६०० फुटांहून उंच जागा. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथे पॅकेट उतरवलं. दोन इंजिनांचं विमान, एवढ्या उंचीवर, कच्च्या पट्टीवर. बाबा ‘राजेंनी’ असं म्हणताना पाठ ताठ करायचे. बाबांच्या वहीत दौलत बेग ओल्डी अकरा वेळा आहे, सगळ्या वेळा ड्रॉप. चाक एकदाही टेकलेलं नाही. साठच्या दशकातच ती पट्टी बंद पडली. मग ३१ मे २००८ रोजी ग्रुप कॅप्टन चाफेकरांनी तिथे एएन-३२ उतरवलं, तेव्हा बाबा ७४ वर्षांचे होते. त्यांनी मला ऑफिसात फोन केला, जो ते कधीच करायचे नाहीत. “राजेंच्यानंतर चाफेकर,” एवढंच म्हणाले. मी मार्चचे हिशेब बंद करण्याच्या धांदलीतून नुकती बाहेर पडले होते. मला वाटलं कुणाच्या तरी लग्नाचं चाललंय.

तिसऱ्या वहीत फेब्रुवारी १९६८ आला.

७ फेब्रुवारी १९६८ला चंडीगडहून लेहकडे निघालेलं एक एएन-१२ परत आलं नाही. आत १०२ माणसं होती, बहुतेक जवान. घाटांत हवामान बिघडलं, वैमानिकाने परत फिरायचं ठरवलं, आणि रोहतांगच्या आसपास त्याचा आवाज थांबला. बाबा तेव्हा चंडीगडलाच होते, एएन-१२वरच. मी चार वर्षांची होते. मला त्या दिवसांतलं फक्त आमच्या क्वार्टरसमोरचं गुलमोहराचं झाड आठवतं.

वहीत ६ फेब्रुवारी: लेह, जाऊन-येऊन २ तास १० मिनिटं. ७ तारखेची ओळ नाही. ८ला ‘सर्च’. ९ला ‘सर्च’. १०ला ‘सर्च’, पुढे डीएनसीओ, हवामान. ११ला ‘सर्च’. १३ला ‘सर्च’. तास बरोबर लिहिलेले, अक्षर नेहमीचं, बेरीज बरोबर. २० तारखेला पुन्हा लेह. बाकी काही नाही. ड्यूटीच्या रकान्यात जागा शिल्लक होती.

मी काकांना विचारलं. इतक्या मोठ्याने बोलणारे काका एकदम हळू झाले. “वरून काय दिसणार गं? पांढऱ्यावर पांढरं.” मग म्हणाले, “त्यानं चूक काही केली नव्हती. तो परत फिरलाच होता.” फोन त्यांनीच ठेवला.

हे विमान ३५ वर्षांनी सापडलं. २००३मध्ये लाहौलच्या ढाका हिमनदीवर गिर्यारोहकांना अवशेष दिसले. ती बातमी आली त्या दिवशी मी माहेरी होते. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं. त्यानंतर अधूनमधून एखाद-दुसरा मृतदेह सापडत राहिला. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस आणखी चार सापडले. तोवर बाबांना बारीक अक्षर लागेनासं झालं होतं, म्हणून बातमी मी वाचून दाखवली. एक जवान केरळचा होता, ५६ वर्षांनी घरी गेला. बाबांनी विचारलं, “वय?” मी म्हटलं, बावीस. “हां,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “चहा टाकतेस का?” मी चहा टाकला. तेव्हा मला सर्चच्या पाच ओळी माहीत नव्हत्या. माहीत असत्या तरी मी काय विचारलं असतं कोण जाणे.

१९७१बद्दल फार लिहीत नाही. बाबांच्या वहीत त्या डिसेंबरात लाल शाई जास्त आहे एवढं दिसतं, आणि त्या दिवसांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

चौथी वही १९८३च्या ऑक्टोबरात संपते. शेवटची ओळ स्थानिक उड्डाण, ४५ मिनिटं. खाली एकूण बेरीज, दुहेरी रेघ, सही. गंमत म्हणजे बेरीज चुकलेली आहे. १९६४च्या एका पानावर मिनिटांचे तास करताना एक तास जास्त धरला गेला आणि तो पुढची एकोणीस वर्षं पानापानावर ओढला गेला; सह्या करणाऱ्या एकाही वरिष्ठाच्या तो लक्षात आला नाही. मी दोनदा तपासलं. खरा आकडा ६,२८३. पेन्सिल हातात होती. पण बंद झालेल्या खात्यात खाडाखोड करायची नसते, ही सवय हाडात मुरली आहे. तशीच ठेवली.

आणि इथे मला जे जाणवलं ते असं: बाबा गणवेशात २९ वर्षं होते आणि त्यानंतर पेन्शनर म्हणून ४१. शोकसभेसाठी आम्ही सगळे त्या २९ वर्षांमागे लागलो होतो. उरलेल्या ४१ वर्षांची वही कुठे होती?

होती. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला. आमच्याकडे कालनिर्णय कधी टाकून देत नाहीत. वर्ष संपलं की सुतळीने बांधून पोटमाळ्यावर. कारण आई चौकटींत दुधाचा हिशेब लिहायची: १, १, दीड, ‘खा’ म्हणजे खाडा. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात बाबा, सकाळी गच्चीवरून खाली आल्यावर, आभाळ लिहायचे. ३/८ म्हणजे आभाळाच्या आठ भागांपैकी तीन भाग ढग. सोबत वाऱ्याची दिशा, कधी दृश्यता. विश्रांतवाडीच्या आमच्या गच्चीवरून लोहगावची विमानं उडताना दिसतात; एखाद्या दिवशी नुसतं ‘उशिरा उडाले’ असा शेरा. ४१ वर्षांचं पुण्याचं आभाळ, दुधाच्या आकड्याखाली. आई रागवायची की तुमच्या ढगांमुळे माझे अर्धे लिटर दिसत नाहीत.

आई २०११च्या नोव्हेंबरात गेली. मी ती चौकट शोधली. तिच्या अक्षरात ‘१’, बाबांच्या अक्षरात ‘०/८’. निरभ्र. दुसऱ्या दिवशी दोन्ही नोंदी बाबांच्या अक्षरात, आणि दूध अर्धा.

२०२३च्या ऑक्टोबरातल्या एका चौकटीत ‘४०%’ असं लिहून गोल केलेला आहे. मी पाच मिनिटं ढगांचं गणित लावत बसले. मग लक्षात आलं: ८० वर्षांनंतर पेन्शनरला २० टक्के जास्त मिळतात, ८५ला ३० आणि ९०ला ४०. बाबांचा नव्वदीचा वाढदिवस होता. शंभरीला शंभर टक्के असतात, आणि ते मिळवून दाखवीन अशी त्यांनी पेन्शनच्या रांगेत एका सुभेदारसाहेबांशी पैज लावली होती.

या वर्षीच्या कालनिर्णयवर नऊ चौकटी भरलेल्या आहेत, जाड स्केचपेनने. ९ जानेवारी: ‘धुकं. ८०० मी.’ मग हॉस्पिटल.

शोकसभा झाली. दादा छान बोलला म्हणायचं तर तसं नाही. मध्येच त्याचा आवाज गेला आणि त्याने माझ्या हातातला कागद घेऊन सरळ वाचायला सुरुवात केली. रणगाडे काढून टाकले होते, आत्या पहिल्या रांगेत नाराज होती. तास ६,२८४ सांगितले, बाबांचेच. आणि मग, मला न विचारता, तो म्हणाला की बाबा त्रेसष्ट वेळा काम न होता परत आले, आणि म्हणून मी जन्मलो. मागे बसलेले हवाई दलातले तीन-चार म्हातारे हसले. बाकीच्यांना कळलं नाही की हसायचं की कसं.

काकांना नाशिकहून येता आलं नव्हतं. रात्री त्यांचा फोन आला, स्पीकरवर.

“किती म्हणालीस तू? डीएनसीओ?”

“त्रेसष्ट, काका.”

“छे! एवढे नसतील. माझे त्याच्यापेक्षा जास्त असणार. थांब, वही काढतो.”

मागून सून ओरडली की आता रात्री स्टुलावर चढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा फोन.

“अठ्ठावन्न,” काका म्हणाले. मग जरा थांबून, “पण दोन पानं चिकटलीयत. वाफेवर धरून सोडवतो आणि सांगतो.”